बांधाच्या आतली जमीन

यंदाचा विषय 'जमीन', असं संपादकांनी कळवलं आणि पाठोपाठ फर्माईशही केली : "ते हॉलंड आणि आपण, असं काहीतरी लिही ना. एवढासा देश आणि शेतमालाच्या निर्यातीत जगात दुसरा!"

हे वाक्य मी कृषी प्रदर्शनांत ऐकलंय, साखर कारखान्यांच्या सभांत ऐकलंय, युरोपचा अभ्यासदौरा करून आलेल्या प्रत्येक संचालकाच्या तोंडून ऐकलंय. वाक्य खोटं नाही. त्यातून जो निष्कर्ष काढतात तो मात्र मला कधी पटला नाही : आपल्याकडे जमीन भरपूर, अक्कल कमी. म्हणून दोन्हीकडे जाऊन बघितलं. तिकडे अ‍ॅमस्टरडॅमच्या आसपासचे पोल्डर, म्हणजे पाणी उपसून काढलेल्या जमिनी. इकडे अलिबाग-पेणचा खारेपाट, कारण भरतीच्या पातळीखाली शेती करणारे लोक आपल्याकडेही आहेत आणि त्यांना बघायला विमान लागत नाही.

पुणे अधिक नगर

आधी आकार. भारताचं क्षेत्रफळ ३२,८७,२६३ चौरस किलोमीटर, नेदरलँड्सचं ४१,५०० च्या किंचित वर. म्हणजे आपण साधारण एकोणऐंशी पट. पण त्या ४१,५०० मध्ये वाडन समुद्र आहे, आयसलमीर सरोवर आहे, नद्या नि कालवे आहेत. पाणी वजा केलं की कोरडी जमीन साडेतेहतीस हजारांच्या आसपास उरते. पुणे जिल्हा १५,६४३ आणि नगर, आताचं अहिल्यानगर, १७,०४८ चौरस किलोमीटर. बेरीज ३२,६९१. थोडक्यात, लोणावळ्यापासून जामखेडपर्यंतच्या मुलखात एक अख्खा देश बसवायचा. त्या देशात आज १ कोटी ८० लाख माणसं राहतात. या दोन जिल्ह्यांत २०११ च्या जनगणनेतच १ कोटी ४० लाखांच्या जवळ होती. गर्दीच्या बाबतीत 'त्यांना काय, मोकळा देश' असं म्हणायची सोय नाही.

फरक पडतो तो उंचीत. स्किपोल विमानतळावर आपण उतरतो ते एका सरोवराच्या तळाशी. हार्लेममीर नावाचं हे सरोवर सुमारे १८,००० हेक्टरांचं होतं. वादळ आलं की त्याच्या लाटा काठची गावं खात. १८४९ ते १८५२ या काळात वाफेवर चालणाऱ्या तीन पंपघरांनी ते उपसून कोरडं केलं. धावपट्टी आजही समुद्रपातळीच्या तीन-चार मीटर खाली आहे. पंप बंद पडले तर पाणी आपल्या जुन्या जागी परत यायला लागेल, म्हणून ते बंद पडू दिले जात नाहीत.

देशाचा किती भाग असा समुद्राखाली आहे, यावर एक गंमत घडली होती. हवामान बदलाविषयीच्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या २००७ च्या अहवालात ५५ टक्के छापलं गेलं आणि जगभर गेलं. मग डच सरकारच्याच पर्यावरण संस्थेला खुलासा करावा लागला : समुद्रपातळीखाली २६ टक्के, नदीच्या पुराचा धोका असलेली आणखी २९ टक्के, बेरीज पंचावन्न. डच लोकांनाही स्वतःच्या जमिनीचा आकडा नीट सांगता आला नव्हता, याचं मला थोडं समाधान वाटलं, हे लपवत नाही.

कागदावर कोणती जमीन कुठे बसते

दोन देशांच्या जमीनवापराची तुलना करायला बसलं की पहिली अडचण कागदाची येते. आपल्याकडे जमिनीचे नऊ वर्ग आहेत : वने, बिगरशेती, नापीक, कायम कुराणे, किरकोळ झाडझाडोरा, लागवडीयोग्य पडीक, चालू पड, इतर पड आणि निव्वळ पेरणीक्षेत्र. तलाठ्याच्या दप्तरातून तालुका, जिल्हा, राज्य असं वर चढत हे आकडे दिल्लीला पोचतात. बेरीज केली तर देशाचं क्षेत्रफळ येत नाही. ३२ कोटी ८७ लाख हेक्टरांऐवजी ३० कोटी ७० लाखांच्या आसपास थांबते. राहिलेली जमीन म्हणजे पाकिस्तान आणि चीनच्या ताब्यातला भाग, आणि जिथे मोजणीच धड झालेली नाही असे डोंगराळ प्रदेश.

पेरणीक्षेत्र १४ कोटी हेक्टर, म्हणजे नोंदलेल्या जमिनीच्या पंचेचाळीस टक्क्यांवर. नेदरलँड्समध्ये कोरड्या जमिनीपैकी निम्म्याहून थोडी जास्त शेतीखाली आहे. वरवर बघता दोघं सारखेच. पण त्यांच्या 'शेती'त अर्ध्याहून जास्त गवत आहे. गाईंसाठी राखलेलं, खत घातलेलं, वर्षातून चार-पाचदा कापलेलं गवत. ते त्यांच्याकडे पीक आहे. आपल्याकडे गवत म्हणजे गायरान. ते पेरणीक्षेत्रात धरत नाहीत, वेगळ्या रकान्यात जातं, आणि गावात कोणाला घरकुल, शाळा, दवाखाना बांधायचा झाला की सगळ्यांत आधी त्याच्याकडेच बघतात. हा रकाना देशभर मिळून कोटीभर हेक्टरांचा आहे.

वनांचंही तसंच. महसुली दप्तरात जे वन, त्यावर झाड असेलच असं नाही. उलट भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहातून बघतं. एक हेक्टरपेक्षा मोठा तुकडा आणि दहा टक्क्यांहून जास्त छत्र दिसलं की त्याच्या लेखी ते वनाच्छादन, मग खाली हापूसची बाग का असेना. २०२३ च्या अहवालात हे आच्छादन २१.७६ टक्के आहे. नेदरलँड्सचं जंगल दहा-अकरा टक्के, तेही बरंचसं माणसानं रांगेत लावलेलं.

नोंद करायची रीत तिकडे निराळी. दरवर्षी १ मार्च ते १५ मे दरम्यान डच शेतकरी संगणकावर आपल्या शेताचा नकाशा उघडतो, कोणत्या तुकड्यात काय लावलं ते भरतो, जनावरांचा आकडा टाकतो. अनुदान, खताचा हिशेब, पाहणी, सगळं त्या एका अर्जावर चालतं. आपल्याकडे २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू आहे. शेतकऱ्यानं बांधावर उभं राहून मोबाईलवर फोटो काढायचा. कल्पना तीच. खारेपाटात मी हे पाहत होतो तेव्हा रेंज नव्हती.

उघाडीपाशी

धरमतर खाडीच्या काठाने शहापूर-धेरंडकडे गेलात की रस्त्याच्या एका अंगाला सपाट शेतं आणि दुसऱ्या अंगाला तिवरं दिसतात. मध्ये मातीचा बांध. भरतीच्या वेळी बांधावर उभं राहिलं की डाव्या हाताचं पाणी उजव्या हाताच्या जमिनीपेक्षा उंच आहे, हे डोळ्यांना दिसतं. मे महिन्यात जमीन भेगाळलेली असते आणि भेगांच्या कडेला मिठाचा पांढरा थर असतो. उन्हानं खालचं खारं पाणी वर ओढून आणलेलं असतं.

माझ्याबरोबर गावातले एक काका होते, साठी उलटलेले. त्यांनी उघाडी दाखवली. बांधात बसवलेलं दगडी तोंड आणि त्याला खाडीच्या बाजूने टांगलेली झाप. भरती आली की पाण्याच्या दाबानं झाप आपोआप मिटते, ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर जातं. वीज नाही, माणूस नाही. पहिल्या पावसात शेतातलं मीठ विरघळतं आणि ओहोटीबरोबर या वाटेनं खाडीत जातं. दोन-तीन चांगले पाऊस झाले की जमीन भातापुरती गोडी होते. मोड आणलेलं बी चिखलात फेकायचं, त्याला इकडे रहू म्हणतात. पीक एकच, पाऊस संपला की मीठ पुन्हा वर. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानं खारं सोसणाऱ्या भाताच्या जाती काढल्या आहेत, त्यांची नावंही पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशी सरळ.

"झाप गळायला लागली की कळतं कसं?" मी विचारलं.

"तळ्यात कळतं," काका म्हणाले. "गोड्यातली मासळी पोट वर करून तरंगते."

तळं म्हणजे जिताड्याचं. खारेपाटात घरापाशी, शेतापाशी तळी असतात. खाडीतून आणलेली जिताड्याची पिल्लं त्यांत सोडतात आणि दोन-तीन वर्षं वाढवतात. कोटीतल्या जमिनीच्या भावांची चर्चा चालू असताना मध्येच कोणीतरी आपल्या तळ्यातला जिताडा किती किलोचा झाला ते सांगतं आणि चर्चा तिकडे वळते. मला ते बरोबरच वाटलं.

बांधाचे शत्रू दोन : उधाण आणि खेकडे. २०१९ मध्ये चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटलं तेव्हा एका मंत्र्यांनी खेकड्यांवर ठपका ठेवला आणि राज्यभर हसू झालं. धरणाचं काय ते चौकशी करणारे जाणोत, पण खाडीकाठच्या मातीच्या बांधाला खेकडे भोकं पाडतात, आणि भोक वेळीच बुजवलं नाही तर उधाणाचं पाणी तेच रुंद करत नेतं. याला खांड जाणं म्हणतात. हे बुजवण्यासाठी पूर्वी गावात जोळ असायची. ज्याची जमीन आत, त्याच्या घरचा माणूस बांधावर. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाआधी बांधावरून फेरी, भोकं शोधायची, चिखल थापायचा.

जोळ मोडली कधी, यावर गावात एकमत नाही. पण पाठीमागचा इतिहास सगळे जवळजवळ सारखाच सांगतात. जमीन खोतांची, बांधावर राबणारी कुळं. याच भागातल्या चरी गावी १९३३ मध्ये नारायण नागू पाटलांच्या पुढाकारानं शेतकऱ्यांचा संप सुरू झाला; डॉ. आंबेडकर त्यांच्या पाठीशी होते. सहा वर्षं लोकांनी जमिनी कसल्या नाहीत. पुढे १९४८ चा कूळकायदा आला, १९५७ च्या कृषकदिनी कुळं मालक झाली. त्याच १९४८ मध्ये खारभूमीचा कायदा झाला आणि बांध सरकारी यंत्रणेकडे जाऊ लागले. कसेल त्याची जमीन झाली. बांध मात्र गावाचा राहिला नाही आणि सरकारलाही तो कधी आपला वाटला नाही. निधी वर्षाला मागायचा, तो पावसाळ्याच्या तोंडावर यायचा, आणि चिखल ओला असताना काम होत नाही.

गोव्यातली खाजनं, म्हणजे तिथला खारेपाट, हेच सांगतात. तिथे बांधाला मानस असते, उघाडीचीच बहीण. गावकरी, पोर्तुगीज अमदानीतली कोमुनिदाद, मानशीवरची मासेमारी लिलावात देऊन त्या पैशातून बांध सांभाळी. साठ-सत्तरच्या दशकांत कूळकायदे आले, कुळांच्या संघटनांकडे व्यवहार गेला. आज बऱ्याच ठिकाणी मानशीचा ठेकेदार कोळंबीसाठी खारं पाणी मुद्दाम आत घेतो, कारण भातापेक्षा कोळंबीला पैसा जास्त. लिलाव चालू आहे, बांध खचतोय.

फावडं रोवायचा कायदा

डच किनाऱ्यावर मध्ययुगात एक रीत होती. बांधाच्या आपल्या वाट्याची दुरुस्ती ज्याला झेपेना, त्यानं त्या जागी फावडं रोवून निघून जायचं. त्यानं जमिनीवरचा हक्क सोडला असा त्याचा अर्थ. ते फावडं जो उपटेल त्यानं बांध सांभाळायचा, आणि त्याच क्षणी जमीनही त्याची. म्हणजे मालकी आणि बांध ही दोन खाती कधी वेगळी झालीच नाहीत.

या रिवाजांतूनच पाणी मंडळं उभी राहिली. ऱ्हाइनलँडच्या मंडळाचा अधिकार १२५५ सालापासून लेखी आहे. शेकड्यांनी असलेली मंडळं एकत्र होत होत आज २१ उरली आहेत. त्यांना सरकारपुढे हात पसरावे लागत नाहीत. ती स्वतः कर लावतात. शेतकऱ्यावर, घरमालकावर आणि तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या विद्यार्थ्यावरही. दर चार वर्षांनी त्यांच्या निवडणुका होतात. प्रचाराचा विषय काय, तर नाल्यातल्या पाण्याची पातळी. शेतकऱ्याला ती खाली हवी, म्हणजे वसंतात ट्रॅक्टर लवकर घालता येतो. पक्षिप्रेमींना वर हवी. सेंटिमीटरवरून भांडतात.

प्रत्यक्ष काम फार साधं आहे. शरद ऋतूत शेताकडेचे चर ज्यानं त्यानं साफ करायचे, ठरल्या तारखेनंतर मंडळाचा माणूस फिरून बघतो, न केल्यास दंड. कस्तुरी उंदीर नावाचा प्राणी बांध पोखरतो, म्हणून त्याला पकडणारी पगारी माणसं आहेत. आणि दुष्काळात वेगळी गस्त. २००३ च्या कोरड्या उन्हाळ्यात विल्निस गावी पीट मातीचा बांध सुकून इतका हलका झाला की पाण्यानं तो सरकवला आणि वस्तीत पाणी शिरलं. तेव्हापासून उन्हाळ्यात असे बांध भेगांसाठी तपासतात, गरज पडली तर भिजवतात. खारेपाटातल्या मेमधल्या भेगा बघताना मला सारखं विल्निस आठवत होतं.

कौतुक इथपर्यंत. १९५३ च्या ३१ जानेवारी-१ फेब्रुवारीच्या रात्री समुद्र आत घुसला आणि १,८३६ माणसं गेली, कारण बांध ठेंगणे आहेत हे ठाऊक असूनही काम लांबलं होतं. शिवाय पाणी उपसण्याची एक किंमत आहे जी कर भरून फिटत नाही. पीटची जमीन ओल्या स्पंजासारखी असते. पाणी काढलं की ती आक्रसते, हवेशी गाठ पडली की कुजते आणि खाली बसत जाते. ती खाली गेली की पाणी आणखी खाली न्यावं लागतं, मग ती आणखी बसते. गौडाच्या आसपास हे शतकानुशतकं चालू आहे. तिथल्या हिरव्या कुरणांचे जे फोटो आपण चीजच्या डब्यांवर बघतो, ती जमीन हळूहळू बुडते आहे.

हद्दीबाहेरची जमीन

आता निर्यातीचा तो आकडा. २०२३ मध्ये डच शेतमालाची निर्यात १२० अब्ज युरोंच्या पुढे होती. यातला मोठा भाग दुसऱ्या देशांतून रॉटरडॅमला येऊन तसाच किंवा थोडी प्रक्रिया होऊन पुढे गेलेला माल आहे : फळं, कोको, तेलं, आणि फुलंसुद्धा. आल्समीरच्या लिलावात केनियाचा गुलाब डच निर्यात होऊन बाहेर पडतो. उरलेलं दूध, मांस, अंडी तिथलीच; पण जनावरं खातात काय? पावणेदोन कोटींवर माणसं, कोटीभर डुकरं, दहा कोटींच्या घरात कोंबड्या. त्यांच्यासाठी सोयाबीन ब्राझीलहून आणि अमेरिकेहून जहाजं भरून येतं. ते सोयाबीन ज्या जमिनीत उगवलं ती पुणे अधिक नगरच्या हिशेबात कुठेच येत नाही.

काचघरांचंही तेच. वेस्टलँडमधून रात्री जाताना आकाश नारिंगी दिसतं. देशभरातली काचघरं मिळून साधारण दहा हजार हेक्टर. तेवढ्यात टोमॅटो, ढबू मिरची, फुलं यांचं अचाट उत्पादन निघतं. पण ती ऊब नैसर्गिक वायूची. १९५९ मध्ये ग्रोनिंगनला वायूचा प्रचंड साठा सापडला आणि कित्येक दशकं स्वस्त वायू मिळाला. पुढे उपशामुळे तिथे भूकंपाचे धक्के बसून घरांना तडे गेले, २०२३ मध्ये उपसा थांबला. त्याआधीच, २०२२ मध्ये वायूचे दर भडकले, तेव्हा अनेक काचघरांनी दिवे मालवले. मावळात पॉलीहाऊसमध्ये फेब्रुवारीसाठी गुलाब काढणाऱ्या शेतकऱ्याला ऊब फुकट आहे. त्याचं दुखणं विमानभाड्याचं आणि शीतसाखळीचं. दोघांची तुलना 'हेक्टरी उत्पादन' या एका ओळीत करून काही हाती लागत नाही.

सोयाबीन येतं, दूध-मांस जातं, शेण-मूत मागे राहतं. त्यातला अमोनिया हवेतून राखीव जंगलांवर, दलदलींवर उतरतो. मे २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायासनानं नत्राच्या परवान्यांची पद्धत रद्द ठरवली. गोठेच नव्हेत, रस्ते आणि घरबांधणीही अडकली. ऑक्टोबरात ट्रॅक्टर हेगला पोचले. २०२२ मध्ये सरकारनं कोणत्या भागानं किती टक्के कपात करायची याचा नकाशाच छापला, काही ठिकाणी ७० टक्के, काही ठिकाणी ९५. स्वतःचं शेत त्या नकाशात शोधणाऱ्या माणसाचा राग मला समजू शकतो. पुढच्या मार्चमध्ये शेतकऱ्यांच्या नव्या पक्षानं प्रांतिक निवडणुका मारल्या. निर्यातीत जगात दुसरा असलेल्या देशात सरकार पैसे देऊन गोठे बंद करू पाहतं आहे, हे आमच्या अभ्यासदौऱ्यांच्या अहवालात अजून यायचं आहे.

सातबारावर भात, उपग्रहात जंगल

खारेपाटात जिथे खांड गेली आणि बांधली नाही, तिथे वर्ष-दोन वर्षांत तिवरं उगवतात. काकांच्या चुलतभावाची जमीन अशी गेली. सातबारावर आजही नाव आहे, क्षेत्र आहे. पण उभं आहे ते कांदळवन, आणि कांदळवन तोडायला मुंबई उच्च न्यायालयाची मनाई आहे : आधी २००५ चा आदेश, मग सप्टेंबर २०१८ चा निकाल. निकाल योग्य आहे असंच मी म्हणेन. तिवरं नसती तर उरलेले बांधही उधाणानं कधीच धुतले असते. पण त्या माणसाला ना शेती करता येते, ना मोबदला मिळतो. त्याच्या जमिनीचा वर्ग नऊ रकान्यांत कुठे बसवायचा, ते तलाठ्यालाही सांगता येईना.

मग विकून टाकायचा मोह होतो. नापीक म्हणून खारजमिनी स्वस्तात मागणारे इकडे वारंवार आले आहेत. पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सप्टेंबर २००८ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यायची का, यावर सरकारनं लोकांचं मत घेतलं होतं. जमीन संपादनावर गावोगाव मतपत्रिका टाकल्या गेल्या, असं आपल्याकडे क्वचितच झालंय. प्रकल्प शेवटी झाला नाही. तेव्हा विरोध करणाऱ्यांतलेच काहीजण आज गुंठ्याचा भाव विचारतात. वाटण्या होत होत वाट्याला गुंठेच आलेत. २०१५-१६ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातलं सरासरी खातं १.३४ हेक्टरांचं होतं. डच शेती अठरा लाख हेक्टर आणि शेतं पन्नास हजारांच्या आसपास. भागाकार ज्यानं त्यानं करावा. तिकडेही तुकडे होते. १९२४ पासून कायदे करून शेतांची अदलाबदल केली, चर-रस्ते नव्यानं आखले. आपला तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. त्यातली तुकडेबंदी लोकांना पाठ आहे, कारण दस्त अडतो. त्याच कायद्यातलं एकत्रीकरण मात्र अर्ध्यावर राहिलं आणि त्यातल्या चुकीच्या नोंदींचे खटले अजून चालू आहेत.

जाता जाता काकांना मी ओव्हरडीप पोल्डरची गोष्ट सांगितली. २००० नंतर डच सरकारनं नद्यांना जागा परत द्यायचं ठरवलं, काही बांध मुद्दाम ठेंगणे केले. त्या पोल्डरमधल्या शेतकऱ्यांनीच तोडगा सुचवला : काहींनी मोबदला घेऊन उठायचं, बाकीच्यांनी बांधालगत मातीचे उंच ओटे करून त्यावर घरं-गोठे न्यायचे आणि मोठा पूर आला तर शेतात पाणी येऊ द्यायचं. ओटे सरकारी खर्चानं झाले.

काकांनी नीट ऐकून घेतलं. "मोबदला किती दिला," त्यांनी विचारलं, "आणि मोजणीला जाताना शेतकऱ्याला बरोबर घेतलं होतं का?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो असं होतं. मग त्यांनी चुलतभावाला फोन लावला, आणि खांड गेली त्या साली केलेल्या अर्जाची पोच अजून आहे का, ते शोधायला सांगितलं.